कुंकवाची रेकॉर्ड

५ ऑक्टोबर, रविवार

सगळ्यात आधी टपकली ती शेजारची प्रेमलता! पाहुणे अजून रिक्षातून उतरतायत आणि ही दारात — "काकी, पलकला बघायला आले का?" अगं, आमची नात अजून बारावीत! म्हटलं, नाही गं बाई, आमच्या म्हाताऱ्याला बघायला आलेत. तोंड बघण्यासारखं झालं तिचं!

खरंच ह्यांनाच! मुंबईची पोरं, क्षितिजा आणि देवेंद्र. जुन्या रेकॉर्डी नव्याने काढतात. हे लग्नाआधी मुंबईच्या हॉटेलात सॅक्सोफोन वाजवायचे, जॅझ म्हणतात तसला. त्याची एक रेकॉर्ड निघाली होती. आता म्हणे शौकीन लोक तिच्यासाठी जीव टाकतात. मूळ टेपा पाण्यात गेल्या. उरलेल्या रेकॉर्डी वाजवून वाजवून घासलेल्या. आमची मात्र कधी वाजलीच नाही — घरात यंत्रच नव्हतं! मीसुद्धा ऐकलेली नाही.

पलकने खंडेनवमीच्या पूजेचा फोटो मोबाइलवर टाकला. पाटावर होळकरांच्या फौजेतली तलवार, शेजारी ह्यांचा बाजा आणि रेकॉर्डचं पाकीट. ते बघून पोरं धावत आली.

आज नानासाहेब हवे होते! सासरे माझे. "तलवारीच्या घरात पिपाणी?" म्हणून ह्यांना मुंबईहून इकडे होळकरांच्या गावी बोलावून घेतलं आणि सांवेर रोडच्या कारखान्यात चिकटवलं. बाजा तेव्हापासून बंद. पण माणसाचं हत्यार ते हत्यार. नानासाहेब गेल्यापासून मीच ते पाटावर मांडते.

तर देवेंद्रने पाकिटातून रेकॉर्ड काढली आणि उजेडात धरली. तिच्यावर कुंकू. दरवर्षीचं. तेलात कालवलेलं, घट्ट बसावं म्हणून.

"आजी, हे... रेकॉर्डवरच लावलंत?"

"मग काय पाकिटाला लावू? पूजा वस्तूची असते की वेष्टनाची?"

क्षितिजा हळूच म्हणाली, "आजी, त्या बारीक रेघांतच सगळा आवाज असतो."



६ ऑक्टोबर, कोजागरी

दूध खाली लागलं. लक्षच नाही. हे रागावले असते तर बरं झालं असतं. नुसते म्हणाले, "जाऊ दे गं. तसंही कोण ऐकणार होतं?"

माझ्याच हाताने पुसला का ह्यांचा आवाज?

७ ऑक्टोबर, मंगळवार

वाजली! अगं बाई, वाजली!!

पोरं यंत्र घेऊन आली. कसलंसं पाणी, मऊ ब्रश. रेकॉर्डला तान्ह्या बाळासारखं न्हाऊ घातलं. पाणी गुलाबी गुलाबी. मी गणपतीपुढे, डोळे गच्च मिटून. देवेंद्रने सुई टेकवली. आधी नुसती खरखर. मग बाहेरून आलेला माणूस उंबऱ्याशी घसा खाकरतो ना, तसा एक सूर. आणि मग तो आत आला, बसला, बोलायलाच लागला! हसला काय, रुसला काय! एवढं बोलणं ह्यांच्याजवळ होतं? माझ्याशी तर दिवसाला "मीठ कमी आहे" एवढंच!

प्रेमलता दारात, हातात लसणाची टोपली — "काकी, हे काकांनी? आपल्या काकांनी??"

म्हटलं, नाही तर काय तुझ्या नवऱ्याने?

हे डोळे मिटून बसलेले. बोटं मांडीवर चालत होती.

शेवटच्या गाण्यात मात्र टक्... टक्... टक्. कुंकू तिथं खोल गेलेलं. देवेंद्र म्हणाला, "काही टेन्शन नाही, कॉम्प्युटरवर काढून टाकतो."

ह्यांनी डोळे उघडले. "का? तो हिचा ठेका आहे. हात लावायचा नाही."

क्षितिजा म्हणाली, "मग आजी, वादकांत तुमचंही नाव टाकावं लागेल!"

टाक की! मी काय नाही म्हणते?

१२ ऑक्टोबर, रविवार

बडा गणपतीच्या चौकापर्यंत बोभाटा झालाय. भाजीवाला विचारतो, "अम्माजी, सुना काकाजी की कैसेट आ रही?" म्हटलं, कैसेट नाही भिया, रेकॉर्ड! आणि त्यात मी पण आहे! अद्रक फुकट दिलं.

१४ ऑक्टोबर

क्षितिजाचा फोन. पाकिटाचा नमुना दाखवायला दोघं पाडव्याला परत येणार. मी ठेवणार तोच ह्यांनी फोन हातातून घेतला. "बेटा, सॅक्सोफोनच्या तोंडाला लावतात ती रीड आणा नवी. माझी तडकलीय. पाडव्याला हिला ओवाळणी घालायचीय."