बाबांची शेवटची पेटी

क्लेटन,

शनिवारी बाबांच्या आठवणीत नेमबाजीच्या रेंजवर उडवायची म्हणून तू काढून ठेवलेली, त्यांनी वापरलेल्या पुंगळ्यांत स्वतः पुन्हा दारू भरलेली पिस्तुलाची काडतुसं मी घेऊन जाते आहे. शेरिफच्या ऑफिसात जमा करीन. चिडण्याआधी पूर्ण वाच.

पेटीवर त्यांचंच अक्षर आहे, मार्च महिन्याचं. आत पितळी पुंगळ्यांमध्ये राखाडी ॲल्युमिनियमच्याही आहेत, पुन्हा भरलेल्या. लहानपणी तू तशी एक उचलून आणलीस तेव्हा ते काय ओरडले होते! "गाढवा, पितळ फुगून परत जागेवर येतं. हे एकदाच वापरायचं. दुसऱ्या बाराला चिरलं की आग तुझ्याच तोंडावर. डोळे जास्त झालेत का?"

त्याच माणसाने या भरल्या आहेत, अगदी नीटनेटक्या. सगळ्याच फुटतील असं नाही, पण कोणती फुटेल ते वरून कळत नाही.

डॉक्टरांनी विसरण्याच्या आजाराचं नाव जुलैमध्ये सांगितलं. मार्चमध्ये आपण म्हणत होतो, थकलेत.

दुकानातली नवी पेटी फ्रिजवर ठेवली आहे, तीच ने. व्हर्जिलकाका विचारतीलच. सांग, लोरनाला बंदुकांचा तिटकारा आहे, तिने परस्पर नेली. ते मला वाट्टेल ते बोलू देत. आयुष्यभर त्यांनी बाबांनी भरलेली काडतुसं न तपासता पिस्तुलात घातली. खरं कारण त्यांना कळू देऊ नकोस.

लोरना