बारकीच्या कथेला माझं उत्तर

३ मार्च, सोमवार
आजपासून रोज लिहायचं. बारकी लिहू शकते तर मी का नाही? धाकटी बहीण माझी, नाक पुसायला मी शिकवलं तिला. तिची कथा मासिकात छापून आली. नाव 'मोठी'. म्हणजे मीच, दुसरी मोठी आणणार कुठून? हॉस्पिटलच्या लाँड्रीत सगळ्यांना सांगून टाकलं. उद्यापासून जेवणाच्या सुट्टीत वाचन. चष्मेवाली वाचेल. मी चौथी पास, अक्षर लावत बसले तर चादरींच्या घड्या कोण घालणार?

४ मार्च
दोन पानं झाली. आई गेल्यावर मोठी शाळा सोडते, घर ओढते. प्रेसवालीने डोळे पुसले. सुपरवायझरबाईंना हाताला धरून बसवलं. आता लाँड्रीत माझा शब्द खाली पडणार नाही.

५ मार्च
आज मोठी बारकीच्या वेण्या कापते. वर्गाच्या फोटोच्या आदल्या दिवशी. मग पोरगी मागच्या रांगेत, मान खाली. चष्मेवालीचा आवाज बारीक झाला. मी सांगितलं, उवा होत्या. भरपूर. मला कामावर जायचं होतं, फणी घेऊन कोण बसणार? प्रेसवाली म्हणाली, अहो, पण फोटो झाल्यावर कापायच्या. प्रेसवालीला कोणी विचारलं होतं?
उवांबद्दल बारकीने एक अक्षर लिहिलेलं नाही.

६ मार्च
शेवटचं पान. मोठी म्हातारी होते, पण ओरडायची थांबत नाही. कोणी रडलं नाही. हसल्या. हुबेहूब तुम्हीच, म्हणे. मी चिडले नाही. फक्त एक टेबल जरा जोरात सरकवलं. आता मी कोणाला ओरडले की सगळ्या एकमेकींकडे बघतात.
ठरलं. बारकी छापून माफी मागत नाही तोवर तिच्याशी बोलणं बंद. कायमचं म्हटलं तरी चालेल.

९ मार्च, रविवार
बारकीचे तीन फोन. उचलले नाहीत. संपादकाला पत्र लिहिलं. असं:
"कथा वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, रागाने. असं लिहायला फार धाडस लागतं, तोंडावर बोलायला त्याहून जास्त, आणि तेवढं हिच्यात नाही. उवांचं का लपवलं? अशी बहीण प्रत्येकीला मिळावी, म्हणजे माझे हाल कळतील. लेखिकेची मोठी बहीण."
मासिक हादरणार. बारकीला पुन्हा कोणी दारात उभं करणार नाही.

१० मार्च
लाँड्रीत पत्र वाचून दाखवलं. चष्मेवाली म्हणाली, दोन दिवस थांबा, मग टाका. थांबायला मी काय बस आहे? टाकलं.

२ एप्रिल
नवा अंक आला. माझं पत्र सगळ्यांत वर! चष्मेवालीने वाचलं:
"कथा वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. असं लिहायला फार धाडस लागतं. अशी बहीण प्रत्येकीला मिळावी. लेखिकेची मोठी बहीण."
बस. एवढंच. मेल्याने कात्री कुठे कुठे चालवली! सुपरवायझरबाई धुतलेल्या चादरींवर डोकं ठेवून हसल्या. उद्या संपादकाला फोन. असा झाडते की जन्मभर कात्री हातात धरणार नाही.

३ एप्रिल
फोन करणार तोच बारकी दारात. रडत. म्हणाली, ताई, मला वाटलं, तू गेलीसच माझ्यापासून. आयुष्यात पहिल्यांदा मला चांगलं म्हणालीस गं. पत्र कापून पर्समध्ये ठेवलंय वेडीने. खरं काय लिहिलं होतं ते सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात गळ्यात पडली. मग राहिलंच. तसं बघितलं तर छापलेले शब्दही माझेच आहेत.
निघताना म्हणाली, तुझी हरकत नाही हे कळलं आणि धीर आला. कथेत फार थोडं मावलं. आता कादंबरी लिहिते. सगळी तुझ्यावर.
मी म्हणाले, लिही.