पंचशीलात बसणारा संगणक

रविवार, ७ मार्च १९९९
मोठा निर्णय झाला. आज विहारात सगळ्यांबरोबर पंचशील म्हणताना दुसऱ्या शीलापाशी जीभ अडखळली. न दिलेलं घेणार नाही, असं आपण हात जोडून म्हणायचं, आणि घरी पुढच्या खोलीतल्या संगणकात चोरीचं विंडोज! बारामतीच्या विकीनं मशीन विकताना ते फुकट टाकून दिलं होतं. अख्खा तालुका असाच चालतो आबा, म्हणाला होता. तालुका चालेल. मी चालणार नाही.
उपाय हाताशी आहे. पुण्याहून आणलेल्या संगणकाच्या मासिकात एक सीडी आली आहे. लिनक्स. करणाऱ्यांनी आपणहून जगाला वाटून टाकलंय. म्हणजे हे दिलेलं. दानच की!
वंदना झाल्यावर तिथंच उभं राहून जाहीर केलं, की अंथुर्ण्यातलं पहिलं चोरीमुक्त घर माझं असेल. टाळ्या पडल्या. कुणाला फारसं उमगलं नसावं, पण पडल्या.

सोमवार, ८ मार्च
तेजश्रीची कुरकुर. सूनबाई याच संगणकावर लग्नपत्रिका, अर्ज, हँडबिलं करते. इंदापूरच्या जयंती समितीनं चौदा एप्रिलची पुस्तिका यंदा तिच्याकडं दिली आहे. एका बाईला पहिल्यांदाच. मागच्या पानावर तिचं नाव छापणार आहेत. तिचं म्हणणं, आबा, एवढी पुस्तिका हातावेगळी होऊ द्या, मग मशीनचं काय वाटेल ते करा. म्हटलं, पोरी, बाबासाहेबांची पुस्तिका आणि ती चोरीच्या मशीनवर? उठून आत गेली. पटलं असावं.

गुरुवार, ११ मार्च
मासिक वाचतोय. इंग्रजी काही अवघड नाही. अडलेला शब्द ओलांडून पुढं जायचं, अर्थ मागनं येतो. कारखान्यात मी तीस हॉर्सपॉवरच्या मोटारी वाइंड केल्या, त्या काय कुणी शिकवल्या होत्या? उघडलं, बघितलं, केलं. रविवारी मुहूर्त. मुहूर्त म्हणजे आपला सवडीचा दिवस, दुसरं काही नाही.

रविवार, १४ मार्च
फत्ते!
तेजश्री समितीच्या बैठकीला इंदापूरला गेली होती. बरंच झालं, मध्ये मध्ये कुणी नाही. सीडीनं पुष्कळ प्रश्न विचारले. एके ठिकाणी विचारलं, सगळी डिस्क वापरू का? पाहुण्याला घरात घ्यायचं तर अर्ध्या ओसरीवर कशाला बसवायचं? हो म्हटलं.
सूनबाई परत आली. काळ्या पडद्यावर पांढरी एक ओळ बघून म्हणाली, आबा, माझं काम कुठाय? रागानं नाही, हळूच. पण तिच्याकडं फ्लॉपीवर कॉपी आहे म्हणाली. मग प्रश्नच मिटला. बायकांना उगाच घाबरायची सवय.

सोमवार, १५ मार्च
पासवर्ड मागतोय. टाइप केला तर पडद्यावर काहीच उमटत नाही. एक टिंबसुद्धा नाही. कीबोर्ड गेला असणार, दुसरं काय? पूर्ण खोलला, स्पिरिटनं पुसला. आत भाकरीचा चुरा, एक मणी आणि मुंगळा सापडला. जोडला. तरी उमटेना.
विकीला फोन केला. तो हसत सुटला. पासवर्ड दिसतच नसतो म्हणे, आंधळ्यासारखा टाइप करायचा. म्हटलं, ही कुठली रीत? माणसानं आपण काय लिहितोय ते बघू नये? कीबोर्ड मात्र आता चकाचक आहे. फक्त L ची कळ उरली. कुठून निघाली ती?

बुधवार, १७ मार्च
सीडी आत अडकली. बटन दाबून बोट दुखलं, ट्रे येईना. बायकोचा, ताईबाईचा, केसातला आकडा घेऊन पुढच्या बारीक भोकात घातला तेव्हा सुटली. नंतर मासिकात वाचलं, की सीडी काढायच्या आधी संगणकाची रीतसर परवानगी घ्यावी लागते. शिस्तीचं मशीन आहे. शिस्त लागली तर बिघडलं काय?
ताईबाईचं म्हणणं, अवो, त्ये जुनं परत घाला की, पोरगी रडकुंडीला आलीय. म्हटलं, विहारात बोललोय मी. ती म्हणाली, बोलला तुमी आन भोगतीया ती. बायको भांडायला हुशार आहे, पण विषयाला धरून बोलत नाही.

रविवार, २१ मार्च
फ्लॉपी उघडायला शिकलो! फाइली आल्या. पण आतली मराठी सगळी इंग्रजी अक्षरांचा चिवडा झालीय. विकीकडून कळलं, की मराठी टाइप करायचं सॉफ्टवेअर लिनक्सवर चालतच नाही, आणि लिनक्सवाल्यांनी मराठी अजून केलेलीच नाही. जगातली एवढी शहाणी माणसं, आणि एकालाही मराठी येऊ नये? असेल कुठंतरी. शोधतो. आठवड्याचं काम.
तेजश्री विचारत होती, आबा, आठवडा म्हणजे कधी? म्हटलं, आठवडा म्हणजे आठवडा.

गुरुवार, २५ मार्च
मराठीचा विषय तूर्त बाजूला. आधी प्रिंटर. त्यानं पहिली ओळ बरोबर काढली, दुसरी पहिली संपली तिथून, तिसरी आणखी पुढं, जिना उतरल्यासारखी. चौथी कागदाबाहेर गेली. पन्नासेक कागद गेले. प्रगती म्हणजे प्रिंटर बोलतोय. काय बोलतोय ते नंतर.

शनिवार, २७ मार्च
संगणक चालू असताना लाईट गेली. आल्यावर मशीन घाबरून बसलं. प्रत्येक वेळी विचारतंय, हे दुरुस्त करू का? Y दाबायचं. परत, तेही करू का? परत Y. शेवटी Y च्या कळीवर ताईबाईचा अडकित्ता ठेवला आणि चहा घेऊन आलो. डोकं लागतं याला.
ताईबाईनं विचारलं, सुपारी कशानं कातरू?

शुक्रवार, २ एप्रिल
समितीचे अध्यक्ष आप्पा जीपनं इंदापूरहून आले. पुस्तिकेची पहिली प्रत बघायची होती. मी पुढं होऊन सांगितलं, नव्वद टक्के झालंय. हे खोटं नव्हे. सीडी निघते, पासवर्ड कळतो, प्रिंटर बोलतो. राहिली फक्त मराठी.
तेजश्रीनं मात्र सरळ सांगून टाकलं, आप्पा, एकबी पान निघंना. आप्पा माझ्याकडं वळून म्हणाले, साहेबराव, शील तुमचं हाय, पण पुस्तिका समाजाची हाय. चौदा तारीख आपल्यासाठी थांबत न्हाय. चहासुद्धा न घेता गेले. माणसाला तत्त्वाची गोडी नसली की असं होतं.

रविवार, ४ एप्रिल
सूनबाईनं माझ्या पाठीमागं विकीला बोलावलं. तो सीडी खिशात घालून मोटरसायकलवरून आला. तासाभरात जुनं परत घालतो म्हणाला. तेजश्री दारात उभी. मुलगा बुद्धघोष सुट्टीला आला होता, तोही म्हणाला, आबा, घालू द्या की, एवढ्या दहा दिवसांचा तर प्रश्न हाय.
मी सगळ्यांना शांतपणे समजावलं. आज दहा दिवस चोरी चालली, तर उद्या का नको? विकीला चहा पाजून परत पाठवला. जिंकलो, पण मजा वाटली नाही. तेजश्री भांडीच घासत बसली, आधीच घासलेली.

मंगळवार, ६ एप्रिल
तेजश्री सकाळच्या एसटीनं फ्लॉप्या घेऊन बारामतीला गेली. विकीच्या ओळखीच्या एका सेंटरवर बसून पुस्तिका करणार म्हणे. मी अडवलं नाही. दुसऱ्याच्या मशीनचं शील आपण बघायचं नसतं.
नातवाला सांभाळायला मी आहे. विराज अडीच वर्षांचा. त्यानं आज संगणक बंद करून दाखवला, तोही मेन बटनानं. परत अडकित्ता.

बुधवार, १४ एप्रिल
इंदापुरात मिरवणूक जंगी. पुस्तिका वाटली. देखणी झाली आहे, अक्षरं कशी मोत्यासारखी! मागच्या पानावर अक्षरजुळणी म्हणून त्या बारामतीच्या सेंटरचं नाव आहे. तेजश्रीचं नाही. सेंटरच्या मालकाचा नियम तसा, म्हणाली. एवढंच म्हणाली आणि पुस्तिका पिशवीत ठेवली.
मला वाटतं समितीनं लक्ष द्यायला हवं होतं. आप्पांना भेटून तसं सांगणार होतो, पण ते गर्दीत होते.

शनिवार, १ मे
तेजश्रीचं काम त्या मालकाला पसंत पडलं. त्यानं तिला नोकरीवर घेतलं. सकाळी जाते, दिवेलागणीला येते. इथल्या पत्रिकावाल्यांना आता बारामतीला या म्हणून सांगते. लोक जातात.
संगणक दिवसभर माझा. आता खरी प्रगती होईल. पहिल्यापासून हेच हवं होतं.
ताईबाई म्हणते, पुढच्या खोलीत माणसांचा राबता होता, आता नुस्ती पंख्याची घरघर. तिला शांतता सोसत नाही.

रविवार, २३ मे
लिनक्सवर चित्रांचा पडदा आला! निळा. खाली एक पट्टी, तिच्यात बारकी बारकी चिन्हं. उंदीर फिरतो. गोळ्यांचा एक खेळही आहे, तो विराजला फार आवडतो. आवाज येत नाही. मराठी येत नाही. प्रिंट येत नाही. बाकी सगळं येतं.
ठरवलं. हे ज्ञान एकट्यानं ठेवायचं नाही. जूनपासून वर्ग. भागातल्या पोरांना शिकवायचं.

गुरुवार, १० जून
वर्गाची जाहिरात पाहिजे. मराठीत पाहिजे, नाहीतर वाचणार कोण? मजकूर हातानं लिहिला. चोरीमुक्त संगणक शिका, शिक्षक साहेबराव, अंथुर्णे. एसटीनं बारामती गाठली.
सेंटरवर गर्दी. चौघांच्या मागं बाकावर बसलो. नंबर आल्यावर तेजश्रीनं मान वर केली, आबा तुम्ही? म्हणून खुर्ची दिली. मजकूर वाचला. हसली नाही. भराभर टाइप केलं, चौकट घातली, शिक्षक शब्द जरा ठळक केला. विचारलं, आबा, नाव मोठ्या अक्षरात घेऊ का? म्हटलं, घे.
दोनशे प्रती निघाल्या. सुंदर. एकही ओळ जिना उतरली नाही.
कुठल्या विंडोजवर केलं, ते मी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. तिचं काम सुटल्यावर बस येईपर्यंत दोघं स्टँडवर उसाचा रस पीत बसलो.