आप्पांची मूठ

सांगली,
१६ डिसेंबर

प्रिय भूषणदादा,
सप्रेम जय भीम.

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहितेय. आईला शिरवळला घेऊन गेलास, बरं केलंस. तिच्या गुडघ्यांना तेल लावायला वहिनींना सांग. त्यांनी दिलेली चटणी संपली, पण चव काही कळली नाही. हल्ली कशाचीच कळत नाही.

आमचा जॅझ बँड तू अजून पाहिला नाहीस. पुढे सॅक्सोफोनवाले, मागे आम्ही ट्रम्पेटवाले, सगळे काळ्या कोटात. तू म्हणशील, कोर्ट सुटलंय वाटतं. वाजवायचं तेही खुर्चीत बसून! ज्याची पाळी येईल त्याने उभं राहून थोडा वेळ मनाचं वाजवायचं आणि गपचूप खाली बसायचं.

जलदान विधी उरकून मी कार्यक्रमाला निघाले, तेव्हा तू सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणालास, "बाप जाऊन आठवडा न्हाई झाला, आन तू वाजवाय निघालीस व्हय गं?" मला राग यायला हवा होता. आला नाही. रडू तर स्मशानातही आलं नव्हतं. एस.टी.त बसले आणि विट्यापर्यंत झोपून गेले.

संध्याकाळी इथल्या नाट्यगृहात माझी पाळी आली. उभी राहिले, वाजवलं. आमच्या बँडमास्तर सरांनी बसायची खूण केली. मी बसले नाही. पुन्हा वाजवलं, परत पुन्हा. ड्रमवर यशराज होता, तो आधी हसून साथ देत होता, मग त्याचंही हसू गेलं. सर जवळ येऊन हळूच म्हणाले, "साक्षी, बस की आता." मला ऐकू येत होतं.

दादा, आप्पांच्या बँडमध्ये आपल्याला लहानपणापासून एवढंच ठाऊक. वरात मांडवाच्या दारात पोचली तरी वाजवत राहायचं. आप्पा आपल्याकडे तोंड करून उलटे चालायचे. त्यांनी डावा हात वर करून मूठ मिटली, की सगळ्या बँडने थांबायचं. त्याआधी नाही, ओठ फुटले तरी नाही. त्या दिवशी मी लोकांच्या डोक्यांवर तो हात शोधत होते.

शेवटी दम संपला तेव्हा थांबले. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मला काहीच वाटलं नाही.

सर ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, पुन्हा असं झालं तर तुझी खुर्ची दुसऱ्याला द्यावी लागेल. आता माझ्याकडे एवढी एक खुर्चीच राहिलीय रे.

रविवारी साताऱ्यात कार्यक्रम आहे. शिरवळहून काही लांब नाही. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. पुढच्या रांगेत बस. मी उभी राहिले, की माझं पुरे कधी झालं ते तुला कळेल, तूही आप्पांच्याच बँडमधला. तेव्हा डावा हात वर कर आणि मूठ मीट.

मग मी खाली बसेन. आणि बसल्यावर कदाचित रडेन.

तू हात वर करेपर्यंत वाजवत राहणारी,
तुझी साक्षी