गाडीची खडखड गेली

दादा,

तुझ्या गाडीची खडखड गेली. मेकॅनिक इंजिनच खोलायला निघाला होता, पण मला खात्री होती की आत नुसता गाळ साचलाय. सकाळी जुन्या ऑइलमध्ये इंजिन साफ करायचं लिक्विड ओतलं, गाडी थोडा वेळ जागेवरच चालू ठेवली, मग ते ऑइल काढून नवीन भरलं. डांबर निघालं अक्षरशः! आता गाडी चालू आहे की बंद, हात लावून बघावं लागतं. दुपारी बाबांकडे जेवायला जाताना किल्ली आपल्या फ्रिजवरून घे. मी बसने कामावर जातेय, यायला उशीर होईल.

आता मुद्द्याचं. तुमचं भांडण झाल्यापासून कोपऱ्यावर गाडी खडखडली की बाबा भरल्या ताटावरून उठतात आणि खोलीचं दार लावून घेतात. आज त्यांना पत्ताच लागणार नाही. सरळ आत ये, समोरची खुर्ची ओढ आणि वाढून घे. तू समोर बसल्यावर ते उठायचे नाहीत, मी ओळखते त्यांना. बोलायला काही सुचलं नाही तर गाडीचं सांग, आधी ती त्यांचीच होती.

फक्त हात जोडते, सवयीने फाटकाशी हॉर्न मारू नकोस.

छोटी