वरच्या बाल्कनीतलं पाणी

दि. १३ मे, दुपार

चि. बारक्या,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं इथं सुखरूप पोचलो, तुमच्याकडेही सगळे बरे असाल. तीन वर्षांनी दादाचं अक्षर बघून तू पाकीट बाजूला टाकशील अशी भीती आहे. टाकू नकोस, काम अडलंय. फोनच करणार होतो, पण तुझा आवाज ऐकला की मी पुन्हा अकडून बोलेन.

काम कुंड्यांचं आहे. बाहेरगावी जायचं झालं की तुझी वहिनी बाल्कनीत पाण्याचा टब ठेवते आणि सुती पट्ट्यांचं एक टोक त्यात सोडून दुसरं कुंड्यांत खोचते. सुती कापड पाणी ओढतं, माती ओली राहते. या वेळी तिला वाकवत नव्हतं, म्हणून ते मी केलं. खाली टॅक्सीवाला हॉर्न वाजवतोय, ती जिन्यात टेकलेली, माझी नुसती धांदल. काल इथं तिचा कंगवा शोधायला पिशवी उघडली, तर सुती पट्ट्यांची पुडी पिशवीत! म्हणजे कुंड्यांत मी शेजारच्या पुडीतली रेनकोटच्या कापडाची कात्रणं खोचून आलोय, ती थेंबही ओढायची नाहीत. चाळीस वर्षं शिंपीकाम करणाऱ्या माणसानं हे करावं. हस हवं तर.

चार दिवस झाले. टब भरलेला आणि कुंड्या कोरड्या, हेच सारखं डोळ्यांसमोर येतंय. कोरफड तग धरेल. मिरचीनं आणि पुदिन्यानं मान टाकली असेल. रंगाच्या बादलीतल्या लिंबाला चार वर्षांनी यंदा पहिल्यांदा कळ्या आल्यात. वहिनी सकाळी डोळे उघडले की आधी त्याच मोजते, मग चहा.

तुझी बाल्कनी बरोबर आमच्या डोक्यावर आहे. कडेची पन्हळ काढ आणि वरून पाणी सोड. पाइप लोंबता सोडलास तरी चालेल, प्लंबरला मी काय शिकवणार. किल्ली तुझ्यापर्यंत पोचवायची सोय नाही.

पन्हळ तू का ठोकलीस ते विसरलेलो नाही. गिऱ्हाईकाच्या कोटावर डाग पडला, आणि तुझ्या फरशी धुण्याचं पाणी गळलं म्हणून मी तुला भर जिन्यात चार लोकांसमोर नाही नाही ते बोललो. दुसऱ्या दिवसापासून वरून थेंब खाली आला नाही आणि तूही आला नाहीस. बारक्या, तो डाग माझ्या इस्त्रीचा होता. तिच्या टाकीतून गंजाचं पाणी गळत होतं. आठवड्यानं दुसऱ्या कपड्यावर तसाच डाग पडला, तेव्हा कळलं. इस्त्री बदलली, तुला मात्र सांगितलं नाही. मधे सोळा पायऱ्या होत्या. लाज वाटते.

वहिनीची तब्येत ठीक आहे. इथल्या हॉस्पिटलात तपासण्या चालू आहेत.

दि. १४ मे, सकाळ

काल पत्र पाकिटात घातलं नाही, बरंच झालं. तब्येत ठीक आहे हे खोटं लिहिलं. पोटात गाठ आहे. उद्या सकाळी नऊला ऑपरेशन. गाठ कसली ते उघडल्यावरच कळेल, असं डॉक्टर म्हणतात, आणि पुढचं विचारायची माझी छाती होत नाही.

किल्लीचंही खोटंच. निघताना ती म्हणाली होती, एक किल्ली भावजींना द्या. मी दिली म्हणालो. माझा ताठा, दुसरं काय. तेव्हापासून ती रोज म्हणते, भावजी घालत असतील पाणी, आणि मी मान हलवतो. आज तिला उठवून बसवताना मी वाकलो, तेव्हा शांतपणे म्हणाली, “दोन्ही किल्ल्या तुमच्या खिशात वाजतात. आल्यापासून ऐकतेय.”

मी तिच्या पाठीमागची उशी सरळ करत राहिलो. मग तीच म्हणाली, “मला काही झालं तर तुम्हाला दार उघडायला कुणी तरी हवं ना?”

आपल्या गल्लीतला बस ड्रायव्हर इथं मुक्कामाला होता, दुपारी गाडी घेऊन परत निघतोय. संध्याकाळी तो हे पाकीट तुझ्या हातात देईल. आत एक किल्ली आहे. लिंबू आतल्या कोपऱ्यात आहे, तिथं वरून पाणी पोचायचं नाही, दार उघडूनच जावं लागेल. पाणी घालून झालं की वहिनीला फोन कर, उद्या नऊच्या आत. कळ्या गळल्या असतील तर गळल्या म्हणून सांग. खोटं नको, ते माझ्याकडून भरपूर ऐकून झालंय तिचं.

दुसरी किल्ली माझ्या खिशात आहे. आता ती वाजत नाही.

तुझा
दादा