धन्याचा माळ

प्रिय निवेदिता,

फोन हाताशी असताना ही बाई कागद काळे करत बसली, म्हणून तू हसशील. पण फोनवर तू बोलायला लागलीस की मी गप्प होते, हे आपल्या दोघींनाही कॉलेजपासून ठाऊक आहे. अनुपम शनिवारी कामासाठी पुण्याला येतोय, त्याच्याच हाती हे देते. भिसेगावात तसं ठीक. अनुपमची बदली टळली, आमचा दोघांचा संसार इथेच राहिला, गच्चीची गळती मात्र अजून तशीच आहे.

यंदा तिसऱ्या वर्षाचे प्रकल्प माझ्याकडे तपासायला आहेत. उचलेगिरी ओळखायला मी आता सरावले आहे. चार वाक्यं अडखळत चालतात आणि पाचवं एकदम कोट घालून येतं, तिथे मी थांबते. मुलांना वर्षभर कानीकपाळी ओरडते, की शब्द बदलले तरी विचार ज्याचा त्याचं नाव लिहा, जसंच्या तसं घेतलंत तर अवतरणात घाला. तरी कुणीतरी सापडतंच. या वेळी सापडली श्रद्धा, खालापूरच्या पुढे डोंगराखालच्या गावातली. विषय राब. भाताचं बी टाकण्याआधी पालापाचोळा नि शेण पसरून जमीन भाजतात, ते. संगणकाने तिची पानंच्या पानं लाल करून दिली. सगळी जुळत होती तुझ्या गेल्या वर्षीच्या निबंधाशी.

खरं सांगू, आधी मला तुझा अभिमानच वाटला. चोरलं तेही माझ्या मैत्रिणीचं! श्रद्धाला बोलावलं. ती लाल पानांवर बोट ठेवून म्हणाली, "म्याडम, हे आजीचं बोलणं हाय. मी फक्त लिवलं." मग आजीचं नाव कुठे आहे, असं विचारलं, तर म्हणते, "आजीचं नाव संदर्भात कसं टाकू? ती काय पुस्तक हाय?" माझा विश्वास बसला नाही. पकडलेली मुलं आजी-आजोबांनाच पुढे करतात. कॉलेजच्या समितीने दोषी ठरवलं तर तिचं वर्ष जाणार, आणि घरचे लग्न उरकायला टपलेले आहेतच. मी म्हटलं, चल, आजीकडेच जाऊ. तिला खोटं पाडायलाच निघाले होते मी.

तिची आजी चंद्राबाई अंगणात वाल सोलत बसल्या होत्या. राब कुठे भाजता, विचारलं. "धन्याच्या माळावं." तुझ्या निबंधातही तेच. 'या गावात राबासाठी राखलेल्या जागेस धन्याचा माळ म्हणतात.' मला वाटलं, नातीने आजीला पढवून ठेवलंय. तेवढ्यात श्रद्धाची आई जया दारात येऊन हसायला लागली. "म्याडम, गावात कुनालाबी इचारा, आबाजीचा माळ म्हनत्यात. आबाजी म्हंजे माजं सासरं. सासूबाई नवऱ्याचं नाव घेत नाय, म्हणून माळाचंबी नाय!" चंद्राबाई तिच्यावर खेकसल्या, "आन् तू सासऱ्याचं घेतेस, लाज नाय गं तुला?" पण त्याही पदराआड हसत होत्या.

मी मात्र गार पडले, निवे. साऱ्या गावात त्या जागेला तसं म्हणणारं ते एकच तोंड आहे.

मग त्यांनीच सांगितलं. दोन उन्हाळ्यांपूर्वी एक बाई यायची, शिळफाट्याहून जिलबी घेऊन. "तुज्याच वयाची गं. दिसभर मला बोलती करायची, फोनमदी भरून घ्यायची." त्या उन्हाळ्यात तू माझ्याकडे राहिली होतीस. रोज सकाळी माझ्या हातचा डबा घेऊन निघायचीस, खालापूरच्या कचेरीत जुने कागद बघायचेत म्हणायचीस. काल तुझा निबंध पुन्हा वाचला. 'जमिनीला आधी ताप येऊ द्यावा, मग पेरावं', हे वाक्य तुझं म्हणून मी किती जणांना ऐकवलं होतं! तळटिपांत पुस्तकं आहेत, कचेरीतले कागद आहेत. बाकी सगळ्यापुढे 'लेखिकेचे निरीक्षण'. चंद्राबाई कुठेच नाहीत. श्रद्धानेही त्यांना गाळलं, पण ती शिकते आहे. त्यांच्या नावासकट मी तिच्याकडून पुन्हा लिहून घेईन. तू तर शिकवतेस गं.

समिती सोमवारी बसते आहे. तिथे मी जे पाहिलं ते सांगणार, कारण नाही सांगितलं तर ती मुलगी चोर ठरते. पण माझ्या तोंडून कळण्याआधी तू स्वतः लिहावंस, समितीलाही आणि ज्यांनी निबंध छापला त्यांनाही, की हे चंद्राबाईंकडून घेतलं आहे. एवढ्यासाठीच हे पत्र. रविवारी दिवसभर घरीच आहे. चंद्राबाईंना मी यातलं काही बोलले नाही. निघताना त्यांनी विचारलं, "ती बाई बरी हाय ना? पुन्ना आलीच नाय." मी म्हटलं, बरी आहे, कामात असेल. तुझ्यासाठी यापुढे काही झाकणं माझ्याच्याने व्हायचं नाही.

तरीही तुझीच,
सुचेता